बोंड आपले, भट्टी कोणाची?



बोंड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कपाशीचे बोंड येते. कोकणातल्या शेतकऱ्यापुढे काजूचे बोंड येते. लाल-पिवळे, रसाने भरलेले आणि खाली बी लटकलेले. आपले बोंड वेचले जाते, बाजारात जाते आणि तिथे लुटले जाते. कोकणातले बोंड बाजारापर्यंत पोचतच नाही. ते झाडाखाली पडते आणि तिथेच कुजते.

कापूस-ज्वारीवाल्यांच्या जिल्हा बैठकीत कोकणातल्या काजूचा विषय कशाला, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. शेतात पिकलेल्या मालाला विस्तव दाखवून त्याचे रूप पालटावे आणि चार पैसे जास्त मिळवावे, हा हक्क कोणाचा, असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर काजूला एक आणि ज्वारीला दुसरे असे असणार नाही. म्हणून या वेळचा अग्रलेख वालावलपासून सुरू करतो.

वालावलचे बोंड

वालावल हे सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यात, कर्ली नदीच्या काठचे गाव. लक्ष्मीनारायणाचे जुने देऊळ, देवळाला लागून तळे, माड-पोफळीची गर्द सावली. जरा वर चढले की कातळ आणि उतारावर काजू. एप्रिल महिन्यात तिकडच्या काजूच्या बागेत शिरले की पहिल्यांदा वास येतो. आंबूस, गोडसर, नाकात बसणारा. आपल्याकडे गूळ लागताना गुऱ्हाळाच्या मळीचा जसा येतो, काहीसा तसा. पायाखाली बोंडांचा चिखल झालेला असतो. बाया-माणसे बोंड पिरगाळून बी टोपलीत टाकतात आणि बोंड तिथेच सोडून देतात.

एका बागायतदार काकांना विचारले, बोंडांचे काय करता? ते म्हणाले, "बियो घरात, बोंडां झाडाखाली." थोडी गुरांना घालतात, जास्त घातली तर तीही झिंगतात, असे सांगून ते हसले. मग म्हणाले, गोव्यात असतो तर हे बोंड असे पायाखाली आले नसते. गोव्याची हद्द तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. त्या हद्दीपलीकडे तेच झाड, तेच बोंड, तोच एप्रिल आणि भट्ट्या पेटलेल्या.

आता हिशोब मांडू. काजूच्या बीचे जे वजन असते त्याच्या सहा ते दहा पट वजन बोंडाचे असते. म्हणजे शेतकऱ्याने एक क्विंटल बी विकली तर मागे सहा ते दहा क्विंटल फळ टाकून दिले. संत्र्यापेक्षा चार-पाच पट 'क' जीवनसत्त्व असलेले हे फळ. अमरावती-नागपूरकडच्या संत्रा बागायतदाराने मनात कल्पना करावी की संत्र्याच्या बिया विकायच्या आणि संत्री उकिरड्यावर टाकायची. कोकणात दर उन्हाळ्यात हेच होते. बोंड घशाला खवखवते आणि उतरल्यापासून एका दिवसात बिघडू लागते. त्यामुळे ताजे फळ म्हणून ते लांबच्या बाजारात जाणे अवघड. त्याचे काही करायचे तर जागेवर, त्याच दिवशी करायला हवे. सरबत, सिरप करता येते आणि ते व्हावेही. पण मोसमात जेवढी बोंडे पडतात तेवढ्यांचे सरबत पिणार कोण?

ही झाडे लावा म्हणून सांगायला सरकारच आले होते. १९९० साली रोजगार हमीशी निगडित फलोत्पादन योजना निघाली, सरकारी अनुदानावर डोंगरउतार काजूखाली आले. त्याआधीपासून वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रातून वेंगुर्ला-४, पुढे वेंगुर्ला-७ अशा जातींची कलमे निघत होती. संशोधन झाले, लागवड झाली, बीचे कारखाने झाले. बोंडाचे काय करायचे हा प्रश्न मात्र कायद्याच्या दारात अडकून पडला.

भट्टीत असते काय?

भट्टी या शब्दाभोवती एवढी भीती आणि एवढी बदनामी साठली आहे की ती वस्तू मुळात काय आहे हेच आपण विसरलो. पाणी शंभर अंशांवर उकळते. मद्यार्क अठ्ठ्याहत्तर अंशांवर उकळतो. आंबवलेला रस तापवला की वाफेत मद्यार्काचे प्रमाण जास्त येते. ती वाफ नळीतून नेली, नळीभोवती थंड पाणी ठेवले की तिचे पुन्हा थेंब होतात. एक भांडे, एक नळी, थंड पाणी आणि खाली मडके. याहून जास्त यंत्र त्यात नाही.

गोव्यात बोंडे तुडवून रस काढतात. चोथ्यावर दगड ठेवला की रात्रभर जो निर्मळ रस ठिबकतो तो नीरो. तो ताजाच पितात. बाकीचा रस दोन-तीन दिवसांत आपोआप आंबतो. पहिल्या गाळपात सौम्य उर्राक मिळतो, तो पुन्हा गाळला की फेणी. शंभर लिटर रसात साधारण दहा किलो साखर धरा. आंबताना साखरेच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग मद्यार्क होतो, उरलेला वायू होऊन उडून जातो. कागदावर शंभर लिटर रसापासून पंधरा लिटरच्या आसपास फेणी निघावी, भट्टीवर त्याहून कमी निघते. तरी झाडाखाली कुजण्यापेक्षा ती किती मोलाची, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

हीच भट्टी आपल्या भागालाही नवी नाही. खानदेशात, वऱ्हाडात जंगलाच्या कडेला, पाणी असेल तिथे रोशा गवताचे तेल याच रीतीने काढले जात असे. भांड्यात गवत आणि पाणी, वर नळी, थंड पाण्यातून वाफ काढायची आणि वर तरंगणारे तेल वेगळे करायचे. ते तेल मुंबई बंदरातून परदेशी जात होते. त्या भट्टीला कोणी वाईट म्हटले नाही. भांडे तेच, नळी तीच. आत गवत असले तर उद्योग, फळ असले तर गुन्हा.

कायदा कोणाच्या हाताला बांधतो?

हा गुन्हा आजचा नाही. इंग्रजांनी १८७८ साली मुंबई अबकारी कायदा केला. तोपर्यंत गावोगाव छोट्या भट्ट्या होत्या. त्या मोडून गाळप मोठ्या मक्तेदारांच्या मध्यवर्ती भट्ट्यांकडे नेले, म्हणजे कर एका जागी वसूल करणे सोपे. ठाणे-कुलाब्याकडे लोक मोहाची फुले वेचून आपली आपण गाळत राहिले, तेव्हा १८९२ साली खास मोहाचा कायदा आला आणि त्या जिल्ह्यांत फुले गोळा करण्या-साठवण्यावरच निर्बंध आले. झाडावरून पडलेले फूल उचलणे गुन्हा! साहेबाला दारूचा तिटकारा होता म्हणून हे झाले असे कोणी समजू नये. दारू पिणे थांबावे असे त्याला वाटत नव्हते, कर न भरता कोणी पिऊ नये एवढेच वाटत होते.

साहेब गेला, कायदा नवा झाला. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. आता त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम आहे. त्याच्या कलम ६५ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य गाळणे हा गुन्हा आहेच, त्यासाठी भट्टी, भांडी, साहित्य जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. बंदीमागे गांधीजींची शिकवण होती, हेतूविषयी आम्हाला शंका नाही. पण साठच्या दशकात बंदी सैल झाली, परवाने निघाले, साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्काचे कारखाने उभे राहिले आणि दारूवरचा कर हा सरकारी तिजोरीचा मोठा आधार झाला. बंदी उरली ती फक्त पिकवणाऱ्याच्या हातावर.

पुढचा क्रम नीट वाचा. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण आणले, द्राक्षाच्या वाइनला अबकारी करात सूट दिली. द्राक्षवाल्याच्या मालाला भाव मिळाला तर आम्हाला आनंदच आहे. २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे अनुदान देण्याचे धोरण आले. तेव्हा नाव कोणाचे घेतले? आपले. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी कोणी घेत नाही, तिला भाव मिळेल, कोरडवाहू शेतकऱ्याचे भले होईल, असे सांगितले गेले. त्या धोरणावर राज्यभर टीका झाली, परवाने कोणाच्या घरात गेले याच्या याद्या वर्तमानपत्रांत आल्या, प्रकरण कोर्टापर्यंत गेले. आपल्यापैकी किती जणांच्या काळ्या ज्वारीला त्या वर्षी दोन रुपये जास्त मिळाले, ते ज्याने त्याने आठवून पाहावे.

आणि आता गंमत ऐका. २०२२ साली मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की काजूची बोंडे, मोहाची फुले यांपासून होणाऱ्या मद्याला विदेशी मद्याचा दर्जा द्यावा. मोह आपल्या रानातला, काजू चारशे-पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांबरोबर आला आणि इथलाच झाला. त्यांचे मद्य मात्र विदेशी ठरले तरच त्याला मान! दर्जा वाढला, विक्रीची वाट रुंदावली, हे चांगलेच झाले. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, मोहफुले गोळा करणे, साठवणे, वाहून नेणे यावरचे निर्बंध उठले, तेही चांगले झाले. पण गाळणार कोण? फूल वेचणारी बाई की बाटली भरणारा कारखाना? फूल वेचायला ती मोकळी झाली. वेचलेले फूल स्वस्तात दुसऱ्याच्या हवाली करायलाही मोकळी झाली.

कापसाची हद्द आठवा

ज्यांची दाढी पिकली आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. १९७२ साली आपल्या राज्यात कापूस एकाधिकार योजना सुरू झाली. कापूस सरकारलाच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात, आंध्रात भाव चढा असला तरी आपला कापूस तिकडे नेणारा तस्कर ठरायचा. बैलगाडीत स्वतःच्या शेतातला कापूस, आणि रात्री नाक्यावर चोरासारखी तपासणी. २००२ नंतर खाजगी खरेदी पुन्हा सुरू झाली, तोवर तीस वर्षे गेली होती.

काजूच्या बोंडाचेही हद्दीशीच नाते आहे. दोडामार्ग-सावंतवाडीकडून, जिथून वेळेत पोचते तिथून, बोंड गोव्यातल्या भट्ट्यांकडे जाते. वालावलहून निघून कुजण्याआधी पोचवायचे तर गाडीभाड्यातच सगळे जाते. माल इथला, मोल तिथे. गोव्याला त्याचे दूषण देण्यात अर्थ नाही. त्यांनी आपल्या घरच्या भट्टीचा मान राखला. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळवला, २०१६ साली तिला राज्याच्या वारशाचे पेय ठरवले. म्हणजे उद्या सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याने तेच मद्य तसेच गाळले तरी त्याला फेणी हे नाव लावता येणार नाही. नावही आपण वेळेत मागितले नाही.

गोव्यातही सगळे गोड आहे असे नव्हे. तिथे दरवर्षी काजूच्या झोनचा लिलाव होतो आणि त्या भागातली बोंडे झोन घेणाऱ्याकडे जातात. उसाच्या झोनबंदीचा अनुभव असलेल्या शेतकऱ्याला यातला धोका वेगळा सांगायला नको. तेव्हा गोव्याची नक्कल करून भागणार नाही. गोव्यातून घ्यायचे ते एवढेच, की शेताच्या बांधावरची भट्टी परवाना घेऊन, उजेडात, मानाने चालू शकते.

बायाबापड्यांचा प्रश्न

इथे आपल्या मायबहिणी उभ्या राहतील आणि विचारतील, भाऊ, तुम्ही दारूची वकिली करायला निघालात का? हा प्रश्न टाळून पुढे जाणारा अग्रलेख फाडून टाकावा. ज्या घरातला कर्ता माणूस कापसाची पट्टी घेऊन गुत्त्यात शिरतो, त्या घराला प्रक्रिया उद्योगाचे व्याख्यान देता येत नाही. वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. गावोगाव बायांनी मतदान करून बाटली आडवी केली. ती त्यांची लढाई न्याय्य आहे आणि आमचे मत त्यांच्या बाजूला आहे.

पण एक गोष्ट त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नाही. बंदी असो वा नसो, गावात दारू येते. शेतकऱ्याची भट्टी बंद ठेवल्याने ती थांबली नाही. काळा गूळ आणि नवसागर घालून ओढ्याकाठी रात्री गाळलेली दारू येते, आणि त्याहून भयंकर म्हणजे कारखान्यातून चोरलेले मिथेनॉल पाण्यात मिसळून केलेली येते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी भागात शंभरावर माणसे मेली, ती मिथेनॉलने मेली. काजूच्या, मोहाच्या भट्टीने ती मेली नव्हती. अंधारात जे चालते त्याची तपासणी होत नाही. धाड पडते, रसायन ओतून देतात, पंचनामा होतो, आठ दिवसांनी पुन्हा धूर निघतो.

म्हणून स्पष्ट सांगतो. हा लेख वाचून कोणीही घरी भट्टी लावू नये. एक तर तो गुन्हा आहे आणि कोर्टाच्या फेऱ्या आपल्याला परवडत नाहीत. दुसरे, चोरून केलेल्या भट्टीत जीव जातो. शिशाच्या डागाने जोडलेली नळी, मोटारीचा जुना रेडिएटर, भंगारातले पिंप, अशांतून गाळलेल्या मद्यात शिसे उतरते आणि ते अंगात साठत जाते. मद्यार्काची वाफ कोंडली आणि विस्तवाजवळ गळली तर घर पेटते. परवान्याची मागणी आपण करतो ती याचसाठी. भट्टी उजेडात आली तर तिच्या तांब्याची, तिच्या डागाची, तिच्यातून निघालेल्या प्रत्येक घाणीची तपासणी करता येईल.

इतर मुलुखांत

अमेरिकेत १७९१ साली सरकारने मद्यावर कर बसवला. पश्चिम पेनसिल्व्हानियाचे शेतकरी डोंगरापलीकडचे, रस्ते नाहीत. धान्य खेचरावर लादून बाजारात न्यायचे तर भाड्यातच दाम संपे. म्हणून ते धान्याचे मद्य करून नेत, कमी वजनात जास्त मोल. नव्या कराचा बोजा मोठ्या भट्टीवाल्याला गॅलनमागे हलका आणि लहान शेतकऱ्याला जड पडत होता. शेतकरी उठले. १७९४ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी त्यांच्यावर सुमारे तेरा हजारांची फौज नेली. उठाव मोडला, पण १८०२ साली तो कर रद्द झाला. जर्मनी-ऑस्ट्रियात फळबागायतदाराला आपल्या बागेतली फळे ठराविक मर्यादेपर्यंत गाळण्याची जुनी सवलत आहे. न्यूझीलंडने १९९६ साली स्वतःच्या घरापुरते गाळायला मोकळीक दिली. आणि ज्वारीवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे की चीनमधले माउताई हे नावाजलेले मद्य ज्वारीचे आहे. ते करणारी कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या मद्य कंपन्यांपैकी एक आहे. आपली ज्वारी काळी पडली की ढोराला घालायची आणि तिकडे ज्वारीच्या जिवावर साम्राज्य उभे.

मागणे काय?

जिल्हा बैठकीपुढे पुढील मुद्दे ठेवत आहोत. चर्चा व्हावी, दुरुस्त्या सुचवाव्यात.

एक, काजूचे बोंड, मोहाचे फूल, भिजलेली ज्वारी यांची वाहतूक, साठवण आणि साध्या प्रक्रियेत कोणत्याही खात्याने अडथळा आणू नये. रस, सिरप, तेल, पशुखाद्य यांसाठी भट्टी वा भांडे बाळगणाऱ्या शेतकऱ्याला संशयावरून छळू नये.

दोन, पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या लहान गटाला, स्वतःच्या आणि गावच्या मालापुरता, गाळपाचा परवाना मिळावा. त्याची फी भट्टीच्या आकाराप्रमाणे असावी. कारखान्याची फी आणि हातभट्टीची फी एकच ठेवायची, म्हणजे परवाना आहे असे म्हणायचे आणि द्यायचा नाही.

तीन, झोन नको, लिलाव नको. बोंड कोणाला घालायचे हे बोंडवाल्याने ठरवावे.

चार, प्रत्येक घाणीच्या मालाची तालुक्याच्या ठिकाणी तपासणी व्हावी. शिसे वा मिथेनॉल आढळले तर परवाना जावा.

पाच, ज्या गावच्या ग्रामसभेत बाया नको म्हणतील त्या गावात भट्टी लागणार नाही. जिथे लागेल तिथेही गावात किरकोळ विक्री होणार नाही. माल बाहेर जाईल आणि पैसा गावात येईल. या पाचव्या मुद्द्यावाचून पहिले चार मागू नयेत, असे आमचे मत आहे.

वालावलच्या काकांनी निघताना दोन बोंडे हातावर ठेवली. घरी नेण्यासारखी नव्हती, कुडाळचे स्टँड येईपर्यंत पिशवी ओली झाली. आमच्या वऱ्हाडच्या गाडीत बसेपर्यंत ती टाकून द्यावी लागली. जे फळ एक दिवसही तग धरत नाही, त्याच्या मालकाला कायदा मात्र दीडशे वर्षे थांबवून ठेवतो आहे.

बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावात काय काय कुजते त्याची यादी करून आणावी. काळी ज्वारी, फुटलेले संत्रे, बाजारात न गेलेली भाजी, जे असेल ते. कोकणच्या शेतकऱ्यांना आपण पाठिंब्याचा ठराव पाठवू, आणि त्या ठरावाखाली आपली यादी जोडू.